तिसऱ्या बाळाची वार

किडन्या निकामी झाल्यावर फेंगयिंगच्या पायांतल्या बारीक रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचलं आणि कातडी सडू लागली. चादरीचा स्पर्शही सोसेना. शेवटचा उपाय म्हणून नानजिंगच्या डॉक्टरांनी कुणा बाळंतिणीनं दान केलेल्या वारेतल्या मूलपेशी टोचल्या. आज पट्टी सोडताना नर्स हरखली. "आजी, कोवळं मांस भरतंय! पाय वाचले बघा." "वार कुणाची गं?" "नाव सांगत नाहीत. तिसरं बाळंतपण होतं म्हणे. आता सरकारला तीन चालतात ना! तेव्हा एकच चालायचं. मी दुसरी, म्हणून आईनं मला डुकरांच्या खुराड्यात लपून जन्म दिला. कुटुंबनियोजन खात्याच्या बायका पोटुशीला गर्भ पाडायला फरफटत न्यायच्या. राक्षसिणी मेल्या!" वीस वर्षं तीच नोकरी इमानेइतबारे केलेल्या फेंगयिंगनं भिंतीकडे तोंड फिरवलं. तिला हुंदका आवरेना. नर्सचा हात थबकला. "दुखतंय का आजी?" कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच दुखत नव्हतं. "हो," ती म्हणाली, "फार दुखतंय."