भर समुद्रात कावळा

तुम्ही थाप म्हणाल, म्हणा. कोपरीचा आनंदा बायकोला घेऊन महिनाभराच्या क्रूझवर गेला आणि नेमकी भर समुद्रात वडिलांच्या पित्राची तिथी आली. त्याने डेकच्या कोपऱ्यात वडिलांच्या नावाने पान ठेवलं: घरून आणलेले, आता कडक झालेले वडे, तळलेले सुके बोंबील आणि शेजारी घोटभर दारू.

शेजारच्या केबिनमधल्या डोंबिवलीच्या सुमतीबाई नाकाला रुमाल लावूनच बाहेर आल्या. "शी, काय हा घाण वास! आमचे हे कांदासुद्धा खात नाहीत हो. सकाळपासून मळमळतंय त्यांना."

"वयनी, बाचं पान हाय. कावला शिवल्याबिगर आमी जेवनार नाय."

दुपार उलटली. कावळा सोडाच, माशीसुद्धा फिरकेना. भुकेल्या जयाने नवऱ्याला ढोसलं, "मामंजींची काय तरी इच्छा रायलीय. बोला ना."

आनंदाने हात जोडले. "बा, उरलेली जमीन बिल्डरला नाय देनार." मग रीतीप्रमाणे दोघं लांब जाऊन पाठ करून उभे राहिले.

सुमतीबाईंना आता फक्त ओकारी यायची बाकी होती. त्या तरातरा गेल्या आणि ते पान उचलायला जहाजावरच्या माणसाला घेऊनच परतल्या.

 

पान चाटूनपुसून साफ होतं, सुमतीबाईंचे हे शेवटच्या बोंबलाचा काटा चोखत बसले होते आणि जया त्यांच्या पायाशी वाकून विचारत होती, "मामंजी, अजून वाढू?"