पाठमोरा माणूस

दृष्टी ही साधनेने मिळते. गुणाजी परबला ती दर शनिवारी चार ते सहा, घाटकोपरच्या एका वाचनालयाच्या माळ्यावर मिळणार होती.

बायको बाजारात चुकली, तिथून हे सुरू झालं. हवालदाराने विचारलं, "साडी कसली होती?" गुणाजी म्हणाला, "नेसलेली." वनमाला मागेच उभी होती.

गिरणीचा संप झाल्यापासून गुणाजी साकीनाक्याला एका कारखान्यात बोल्ट तपासायचा.

"बोल्टाची केसाएवढी चीर दिसते तुम्हाला," वनमाला घरी म्हणाली. "बावीस वर्षांत मी नाही दिसले?"

म्हणून हा फोटोग्राफीचा वर्ग. रोल ब्लॅक अँड व्हाइट मिळाला, त्यामुळे साडीचा प्रश्न तसाच राहिला. पण चंद्रप्रकाश सर सांगायचे, "आधी बघा. बटण नंतर." शेवटी प्रत्येकाचा एकच फोटो वाचनालयाच्या भिंतीवर लागणार होता. तिथे वनमाला लागली पाहिजे, एवढंच गुणाजीला हवं होतं.

तो बघायला लागला. भाजी चिरताना ती खालचा ओठ चावते. कुणी जिन्यात आलं की पदर आधी सावरते, मग कान देते. मनगटावर भाजल्याचा डाग आहे.

"हा कधीचा गं?"

"सत्याहत्तरचा. मलम तुम्हीच आणलं होतं."

गुणाजीने कॅमेरा उचलला, की मात्र ती नोकरीच्या अर्जाला फोटो लावायचा असल्यासारखी ताठ उभी राही.

शेवटच्या शनिवारी सर धुऊन आलेले फोटो एकेक बाजूला सारत गेले. वनमाला. वनमाला. वनमाला.

"ह्या बाई घाबरल्यात, परब."

मग त्यांचा हात थांबला. बनियनमधला एक पाठमोरा माणूस. मानेवर ऊन, उजवा खांदा किंचित उतरलेला.

"हा लागणार! कोण हा?"

"घरचाच."

"ओझी उचललीयत ह्याने जन्मभर. आणि कुणीतरी ते रोज बघितलंय. त्याशिवाय असा फोटो येत नाही हो. शिकलात तुम्ही!"

गुणाजी बाजूला सारलेले फोटो गोळा करू लागला. सरांना तो विनय वाटला.

घरी वनमाला तांदूळ निवडत होती. त्याने फोटो तिच्यापुढे ठेवला आणि समोर बसला.

"आला होय हा?" ती म्हणाली. "तुम्ही दाढी करत होता, आणि रोलात एकच फोटो उरला होता. म्हटलं, रोल संपला की हे खूळ तरी संपेल."