टोमिएबाईंचा काळा वाडगा

चहाविधी शिकवणाऱ्या कुझुमी गुरुजींनी वाडगा तोंडाला लावला आणि चिसातोनं मनात देवाचा धावा सुरू केला.

वाडगा राकूचा, म्हणजे हातानं घडवलेल्या मातीचा, काळा, टोमिएबाईंच्या माहेरून आलेला. टोमिएबाई म्हणजे चिसातोची सासू. हिरव्या पुडीच्या घट्ट चहाला आमच्या क्योतोत वाडगा एकच असतो आणि तोच सगळ्या पाहुण्यांत फिरतो. आधी गुरुजी, मग दोन बायका आणि शेपटाला घरची सून. चहा करणारीनं, म्हणजे टोमिएबाईंनी, स्वतः प्यायचा नसतो. आज तेवढंच एक बरं होतं.

नव्या वर्षाचा पहिला चहा कुणाच्या हातचा, हे गुरुजी आज ठरवणार होते. या मानासाठी टोमिएबाई जेवढ्या रडल्या होत्या, तेवढ्या नवरा गेला तेव्हाही रडल्या नव्हत्या. सकाळीच त्यांनी सुनेला बजावलं होतं, "आज काही वेडंवाकडं झालं ना, तर सरळ ओसाकाची गाडी धरायची. माहेरीच राहा मग!"

आणि वेडंवाकडं तर कालच झालं होतं. राकूची माती कच्ची भाजलेली, जे पाजाल ते पिते. तिला नुसतं कोमट पाणी दाखवावं, सावलीत चांगली वाळवावी, मगच पेटीत ठेवावी. ही पोपटपंची टोमिएबाई येताजाता करायच्या. पण पावसाळ्यात ओला वाडगा पेटीत कोंबला होता त्यांनीच. काल चिसातोनं पेटी उघडली, तर बुरशीचा भपकारा! सासूला सांगायची कुणाची टाप? तिनं भांड्यांचा लिंबाचा साबण घेतला आणि वाडगा खसाखसा घासला. आज सकाळी हुंगून पाहिला, तर बुरशी गेलेली आणि साबण मुरलेला. सांगायला तोंड उघडलं, तोवर पाहुणे दारात.

"जमलाय का चहा?" टोमिएबाईंनी विचारलं. पहिल्या घोटाला असं विचारायची रीतच आहे.

गुरुजींनी डोळे मिटले. गिळायला अंमळ वेळ लागला.

"वा! अप्रतिम!"

झालं! गुरुजीच अप्रतिम म्हणाले, तर बाकीच्यांची काय बिशाद? आमच्याकडे खरं बोलणं म्हणजे चपला घालून चटईवर येणं. ओकिताबाई प्यायल्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "डोंगरावर गेल्यासारखं वाटलं हो," त्या म्हणाल्या. मग नोनोमुराबाई कशाला मागे राहतील? "जुन्या झाडांचा असणार. हा सुगंध हल्ली उजीच्या चहामळ्यांत तरी मिळतो का?"

तळाला उरलेलं सुनेनं संपवायचं. चहा कमी, साबणच जास्त. चिसातोनं तो कौतुकानं गिळला आणि वर वाडग्याला नमस्कारही केला. लग्न होऊन क्योतोत आलं की एवढं येतंच.

"टोमिएबाई, नव्या वर्षाचा चहा तुमच्याच हातचा," गुरुजींनी जाहीर केलं.

टोमिएबाईंनी कपाळ चटईला टेकवलं. उठताना सुनेकडे असं पाहिलं, की बघ बये, याला म्हणतात वाडग्याची निगा!

गुरुजींना पोचवायला चिसातो दारापर्यंत गेली. तिथं मात्र तिला रडूच फुटलं. फसवून मिळवलेला मान तिला काही पचेना.

"गुरुजी, माझं चुकलं. तो वाडगा मी काल साबणानं..."

"हळू बोल, पोरी. सासू ऐकेल." गुरुजींनी पायात चपला सरकवल्या. "अगं, घरोघरी मातीच्या चुली. वाडगे सगळीकडे सुनाच धुतात. या गावात मी जाईन तिथं साबणच पितो. त्यात तुमचा सगळ्यांत चवदार निघाला. मान काय उगाच दिला?"