धुऱ्यावरचं वारूळ

रस्ता काढायला जेसीबी दोन शेतांमधल्या धुऱ्याला लागला तेव्हा तानाबाई वारुळापुढे पूजेचं ताट घेऊन उभी होती. नागपंचमी होती. आजच्या दिवशी जमिनीला नखही लावायचं नाही, हे तिनं लहानपणापासून पाळलं होतं.

"रुपेश, आजच्या दिवस थांबव," ती मुलाला म्हणाली.

"मशीन उद्या गिरडकडं चालली, माय. मंग दिवाळीपर्यंत भेटत नाई. टेम्पो वावरापर्यंत आला नाई तं वांग्याचे टोपले कोन वाहीन? सांजी मान चोळून तूच मागतं नं?"

"रस्ता थोडा सरकवून ने."

"तिकडं दुसऱ्याचं वावर हाये." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "तुले घरी सिमेंटचा नाग आणून देतो. रोज पूज."

"सिमेंटचा कायले पूजू? हे जितं हाये."

रुपेशनं तिच्या दंडाला धरलं. ती बाजूला झाली. त्याला जोर लावावा लागला नाही, आणि तेच तिला लागलं.

पहिल्या घासात वारूळ अर्धं उघडलं. आतली माती गार, ओलसर होती. पांढरी वाळवी सैरावैरा पळू लागली आणि बगळे उतरले. दुसऱ्या घासाबरोबर एक धामण बाहेर आली. मधून चेंदलेली. तोंड पुढं सरकत होतं, मागचं अंग येत नव्हतं.

चालवणाऱ्यानं मशीन बंद केली आणि हात जोडले.

"धामण हाये," रुपेश म्हणाला. "जहरी नसते." त्याला कोणी विचारलं नव्हतं.

तानाबाई तिच्याजवळ खाली बसली. धामणीची हालचाल थांबेपर्यंत ती तिथून उठली नाही. मग रुपेशनं मान हलवली आणि मशीन पुन्हा सुरू झाली.

शेजारची रुख्माबाई सुनेला घेऊन पूजेला आली तोवर धुरा सपाट झाला होता.

"तानाबाई, वारूळ कुठं गेलं वं?"

तानाबाईनं रस्त्याकडं बोट दाखवलं. दोघी लाह्यांचं ताट धरून तशाच उभ्या राहिल्या. "मंग पूजा कुठं कराची?" सुनेनं हळूच विचारलं. रुख्माबाई तिला घेऊन परत फिरली.

तानाबाई मेलेली धामण घेऊन कडेला बसली आणि हातानं माती उकरू लागली. उघाडीनं जमीन टणक झाली होती. नखं दुखली, पण जेमतेम ओंजळभर खळगा झाला. एवढ्यात पुरली तर कुत्र्यांनी धामण रात्रीच उकरून काढली असती. तिनं पदरानं हात पुसले. जेसीबी गावाकडं वळत होता.

"रुपेश," ती म्हणाली, "त्याले थांबव. एक खड्डा करून माग."