मुहूर्ताची गाडी

सरकारी कापूस खरेदी केंद्राच्या वजनकाट्याची पूजा झाली, नारळ फुटला आणि राज्यमंत्री हैदरसेठनी मोसमातल्या पहिल्या बैलगाडीला हार घातला. गाडी सोनाळ्याच्या उकंडरावांची होती. त्यांच्या अंगावर शाल आली. मंत्री सकाळी यायचे ते दुपार टळल्यावर आले होते, त्यामुळे बैलही पेंगुळले होते.

"साहेब, कापसात हात घाला ना," फोटोवाला म्हणाला.

सेठनी हात घातला. निवडून येण्याआधी अर्धा जन्म कापसातली सरकी काढणारी जिनिंग चालवलेला हात तो, वरच्या पांढऱ्या थरावर थोडाच थांबतो! कोपरापर्यंत आत गेला आणि मूठभर कापूस घेऊन आला. पिवळा, चिकटलेला. बीटीचं बियाणं, तरी बोंडअळीनं खाल्लेलं. हा माल इथं कोणी घेणार नाही, हे सेठना तिथंच कळलं. स्वतःच्या जिनिंगच्या फाटकात असते तर बोलून मोकळे झाले असते. पण समोर कॅमेरे होते, मंडप भरला होता आणि उकंडराव लग्नातल्या वरबापासारखे हसत होते. सेठनी मूठ गाडीतच सोडली. मग भाषण केलं. सरकार शेतकऱ्याचं बोंड न् बोंड घेईल, असं ते याच आठवड्यात कितव्यांदा तरी म्हणाले. म्हणताना त्यांना स्वतःचाच कंटाळा आला.

चहापाणी उरकून ते बाहेर आले तेव्हा उन्हं कलली होती. भरलेली गाडी तशीच उभी होती. उकंडराव बैलांच्या गळ्यातले झेंडूचे हार काढून त्यांनाच खाऊ घालत होते. शाल अजून अंगावरच होती.

"ग्रेडरनं माल परत केला?" सेठनी विचारलं.

"हाव. पन मले तवाच समजलं होतं, सेठ. तुमचा हात आत गेला न् तोंड उतरलं."

उकंडरावांनी दुसऱ्या बैलाचा हार सोडवला.

"जिनिंगवर होते तवा तोंडावर नाही म्हनत होते तुमी. लय राग ये. पन दिवस हाताशी राहे. दुसऱ्या व्यापाऱ्याकडं गाडी नेता ये. आता कोनाचं फाटक उघडं असन?"

ड्रायव्हरनं मोटारीचं दार उघडून धरलं होतं.

"आता तरी सांगून टाका. उद्या आनू का नको?"

सेठनी गाडीकडे पाहिलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं, अगदी ओठांवर होतं.

"पाहतो," ते म्हणाले.