पहिल्या रांगेतलं हसू

अकरा वर्षं मी मालिकेत खुर्चीवरून पडणारा शेजारी केला. पहिल्या भागाचं शूटिंग बघायला आई आली होती, पहिल्या रांगेत बसली होती. मी धाडकन पडलो आणि ती इतकी हसली, की तिला उचकीच लागली. साउंडवाल्याने ते हसणं उचकीसकट जपून ठेवलं आणि पुढे माझ्या प्रत्येक पडण्यावर तेच वाजवलं. आई वारल्यावरही दर गुरुवारी मी पडायचो आणि टीव्हीत ती हसायची.

गेल्या महिन्यात निर्मात्याने चहा पाजून, गोड बोलून मला काढलं. माझा कोट, माझी टोपी, माझी खुर्ची, सगळं एका तरण्या नटाला दिलं.

गुरुवारी बायको म्हणाली, "बघू नका हो, उगाच जिवाला त्रास."

"अगं, बघू तर दे. असं पडणं काय कुणालाही जमतं होय?"

त्याला नाहीच जमलं. पडायच्या आधीच गड्याने जमिनीला हात टेकला. मी खुशीत बायकोपुढे टाळीसाठी हात केला.



तेवढ्यात आई हसली. उचकीसकट.