बाबांच्या चपला

'बेल वाजली, चपला उचल. दार उघड, एवढंच बोल – बाबा घरी नाहीत.'

आईचा हा आवाज अभिनवच्या कानात अजून तसाच होता. आईच्या, शैलाच्या, आजारपणासाठी कर्ज काढलं, हप्ते थकले, वसुलीवाले दारात येऊ लागले. तेव्हा तिनंच त्याला हे ओवीच्या चालीत शिकवलं होतं. अभिनवला ऑटिझम. साधं सांगणं त्याच्यापाशी थांबत नसे. गाण्यात सांगितलं की मुक्कामाला यायचं.

शैला गेली. कर्ज राहिलं, चाल राहिली.

आज त्याच्या सेवेचा शेवटचा शनिवार. पेणकरपाड्याच्या दवाखान्याबाहेर तो पेशंटच्या चपला जोडीजोडीनं लावत होता. गेल्या वर्षी घरी असंच झालं होतं: 'बाबा घरी नाहीत' ऐकून चंदन नावाचा वसुलीवाला जिना उतरायला वळला, पाठीत धक्का बसला आणि तो खाली कोसळला. पाय मोडला. मान वळवून पाहिलं तर दारात अभिनव. त्याच्या बाबांनी, दशरथनं, जबाब दिला, मी रिक्षा घेऊन काशीमीऱ्याला गेलो होतो. कोर्टानं चोवीस वर्षांच्या त्या पोराकडे पाहिलं, डॉक्टरांचे कागद पाहिले, आणि तुरुंगाऐवजी सहा महिने दर शनिवारी दवाखान्यात ही सेवा दिली.

"अभिनवशेट," राई गावची सफाईवाली चंपा झाडू टेकून म्हणाली, "आमच्या चपला उन्हात नि बापाच्या आत? ह्या काय बरा न्हाय!"

"बाबांच्या आत," अभिनव म्हणाला. दशरथच्या चपला त्यानं दारामागे सरकवल्या.

"लाडका आहे ना मी," दशरथ हसला.

प्रोबेशन ऑफिसर रसिका मॅडम फाईल घेऊन आल्या. बाकावर बसल्या.

"काका, काम त्याचं नंबर एक. पण त्या दिवसाबद्दल सहा महिन्यांत एक शब्द नाही. आपण काय केलं ते त्याला कळलंय, असं मला लिहायचंय. नाही लिहिलं तर जज परत बोलावतील. शिक्षा होईल. तिथे त्याला कोण सांभाळणार?"

"बोलेल, मॅडम. आज बोलेल."

आठवडाभर दशरथ त्याच्याकडून पाठ करून घेत होता, शैलाच्याच चालीत. दर वेळी अभिनव कानांवर हात दाबून भिंतीकडे तोंड करायचा.

"अभी, आपलं गाणं," दशरथनं गुडघ्यावर हळूच ठेका धरला. "म्हण राजा."

अभिनवची बोटं मिटली, उघडली. परत मिटली. दवाखान्यातून कुणाचा तरी टोकन नंबर पुकारला गेला.

"म्हण रे."

"मी ढकललं," अभिनव चालीत म्हणाला. आवाज चिरका झाला होता. "माझी चूक झाली."

रसिका मॅडमनी डोळ्यांच्या कडा टिपल्या. "शाब्बास! सुटलास बघ." त्यांनी भराभर लिहिलं, खाली सही ठोकली.

अभिनव उठला. दारामागच्या चपला दोन्ही हातांनी उचलून त्यानं बाहेर आणल्या, बाकीच्यांच्या रांगेत नीट लावल्या. मग वर पाहिलं.

"बाबा, आता सांगू? बाबा घरी आहेत?"

दशरथनं पाय पुढे केला. तो चपलेत शिरेना.

"मॅडम, ते खोडा," तो म्हणाला. "मी घरीच होतो. ढकललं मी."